दहा सेकंदांची पट्टी

"सर, एसटी वर गेलीय," सिस्टर फोनवर सांगत होत्या. शेजारी उभा असलेला पेशंटचा मुलगा मध्येच म्हणाला, "गेली तर जाऊ द्या, आम्ही जीप करून आलोय." मी तेव्हा रेसिडेंट होतो. पुढे शिकवायला लागल्यावर दर नव्या बॅचला पहिल्या तासाला हा किस्सा सांगायचो आणि हसू ओसरलं की विचारायचो, त्या मुलाला ही एसटी कुठली ते माहीत नव्हतं हे समजू शकतं. तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? सगळे हात वर. एसटी किती वर गेली हे कुठून कुठपर्यंत मोजायचं? निम्मे हात खाली. हार्ट अटॅक सोडून एसटी वर जायची आणखी तीन कारणं सांगा. आता पहिल्या बाकावरचे दोन हात उरायचे, तेही कोपरात वाकलेले.

ईसीजी शिकण्याचा प्रश्न या खाली येणाऱ्या हातांपाशी सुरू होतो. ही तपासणी तालुक्याच्या गावात, पाच मिनिटांत, सुई न टोचता होते. शस्त्रक्रियेआधी होते, विम्यासाठी होते, छातीत दुखलं की होते आणि घरातल्यांचं समाधान व्हावं म्हणूनही होते. काढणारे पुष्कळ, वाचणारे थोडे. हे माझं मत नाही. २०२० साली 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात जगभरच्या चाचण्यांचा एक एकत्रित अभ्यास छापून आला. त्यात वैद्यकीय विद्यार्थ्यांची अचूकता निघाली साधारण ४२ टक्के, रेसिडेंटांची ५६, प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांची ६९ आणि खुद्द हृदयरोगतज्ज्ञांची ७५. खास शिकवणी दिल्यावर आकडा ५४ वरून ६७ वर गेला. प्रत्येक चाचणीची काठिण्यपातळी वेगळी, त्यामुळे हे आकडे घासून-पुसून घ्यायला हवेत. तरी शंभरात पंचवीस वेळा तज्ज्ञही चुकतो, हे वाचून मला धक्का बसण्याऐवजी थोडं हायसंच वाटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे फक्त माझंच होतं.

अवघड काय आहे त्यात? कागद तर साधा. सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा, मोठा ०.२ सेकंदाचा. उभ्या दिशेला दहा मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. दोन ठोक्यांमधले मोठे चौकोन मोजून ३०० ला भागलं की मिनिटाचे ठोके मिळतात. चौथीतल्या मुलाला जमेल असं हे गणित. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत वीज पसरते तेव्हा छोटी लाट उमटते ती 'पी', खालचे कप्पे उत्तेजित होतात तो उंच टोकदार भाग 'क्यूआरएस', ते पुन्हा पूर्वपदावर येतात ती 'टी'. मधला सपाट भाग म्हणजे आपली एसटी. बारा लीड म्हणजे त्याच एका घटनेकडे बारा बाजूंनी पाहणं. देवळाला प्रदक्षिणा घालताना कळस प्रत्येक कोनातून निराळा दिसतो, तसं.

ही पी-क्यू-आर-एस-टी अक्षरं रूढ केली विलेम आइंटहोव्हेन यांनी. जन्म जावा बेटावरच्या सेमारांगचा, काम हॉलंडमधल्या लायडनला. त्यांच्याआधी १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयाची वीज शरीर न उघडता टिपून दाखवली होती. वॉलर आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगला मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय ठेवून उभा करत आणि प्रात्यक्षिक दाखवत. कुत्र्याचा छळ होतो म्हणून १९०९ साली ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्नही विचारला गेला. रुग्णालयात याचा फार उपयोग होईल असं मात्र वॉलर यांना सुरुवातीला वाटलं नव्हतं. आइंटहोव्हेन यांनी क्वार्ट्झचा, चांदीचा मुलामा दिलेला बारीक धागा चुंबकीय क्षेत्रात ताणून असं यंत्र बनवलं की लाटा स्वच्छ उमटू लागल्या. यंत्राचं वजन २७० किलोच्या आसपास, चालवायला पाच माणसं, आणि पेशंटचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत. हे धूड रुग्णालयात नेणं अशक्य, म्हणून १९०५ साली त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून तारेवरून ईसीजी प्रयोगशाळेत आणला. रात्री दोन वाजता व्हॉट्सअॅपवर वाकडातिकडा फोटो टाकून "सर, बघा ना जरा" म्हणणाऱ्या इंटर्नांनी हा पूर्वज लक्षात ठेवावा. १९२४ सालचं नोबेल आइंटहोव्हेन यांना मिळालं.

छातीवरच्या लीडा नंतर आल्या. त्या नेमक्या कुठे लावायच्या हे अमेरिकी आणि ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी १९३८ साली ठरवलं. त्या जागा आजही त्याच आहेत, आणि आजही चुकतात. पहिल्या दोन लीडा चौथ्या बरगडीखालच्या फटीत लावायच्या असतात. सवयीने त्या दुसऱ्या-तिसऱ्या फटीत, गळ्याजवळ लागतात. असा कागद वाचताना हृदयाच्या पुढच्या भिंतीला जुना अटॅक येऊन गेला असावा असं वाटायला लागतं. बायकांच्या बाबतीत तर विचारू नका. जनरल वॉर्डात पडदा नसतो, ईसीजी काढायला पुरुष टेक्निशियन असतो, पेशंट पदर घट्ट धरून पडलेली असते, आणि मग चौथी-पाचवी-सहावी लीड जिथे हात पोचेल तिथे चिकटते. ईसीजीच्या कुठल्याही पुस्तकात पडद्याचा धडा नाही. माझ्या मते तो पहिला हवा.

हातांच्या तारांची अदलाबदल ही दुसरी नेहमीची गंमत. उजवी तार डाव्या हाताला गेली की पहिली लीड उलटी होते. एकदा एका हुशार विद्यार्थ्याने असा कागद पाहून हृदय उजव्या बाजूला असल्याचं निदान केलं, तेही शास्त्रशुद्ध कारणांसह. मी म्हटलं, चल, पेशंटच्या छातीवर हात ठेव. ठोका डावीकडेच होता. छातीच्या लीडा नीट पाहिल्या असत्या तर कागदावरूनही कळलं असतं, कारण हृदय खरंच उजवीकडे असलं तर डावीकडे जाताना लाटा वाढण्याऐवजी खुज्या होत जातात. पण त्याला पुस्तकातलं दुर्मीळ चित्र ओळखल्याचा आनंद इतका झाला होता की पुढे पाहायचंच राहिलं.

शिकण्यातली सगळ्यात मोठी खाच ही. बहुतेक मुलं ईसीजी चित्रं म्हणून पाठ करतात. हे चित्र म्हणजे अमुक ब्लॉक, ते चित्र म्हणजे तमुक टॅकीकार्डिया. परीक्षेत ती चित्रं येतात, गुण मिळतात. वॉर्डात मात्र चित्रं शुद्ध स्वरूपात येत नाहीत. जुना अटॅक, त्यात रक्तदाबाने जाड झालेलं हृदय, त्यात पोटॅशियम वाढलेलं, त्यात पंख्याच्या वायरीतून आलेली ५० हर्ट्झची दाटीवाटीची कुरकुर, असं सगळं एकाच कागदावर असतं. मोडी वाचायला शिकलेल्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. अक्षरांचा तक्ता पाठ करून दफ्तरातला कागद वाचता येत नाही. हात न उचलता लिहिलेलं असतं, अक्षर अक्षरात मिसळलेलं असतं. कागद कुठल्या काळातला, कुणाच्या दफ्तरातला, हिशेबाचा की तक्रारीचा, हे कळलं की मग अक्षरं सुटी व्हायला लागतात.

मात्र इथे एक पेच आहे आणि आढावा घेणाऱ्याने तो लपवू नये. पेशंटची हकिगत माहीत असेल तर ईसीजी अधिक बरोबर वाचला जातो, आणि हकिगत दिशाभूल करणारी असेल तर तोच माणूस तोच कागद चुकीचा वाचतो. दोन्ही गोष्टी कॅनडातल्या संशोधकांनी नव्वदच्या दशकाअखेर प्रयोग करून दाखवल्या. "घाम आलाय, छातीत दुखतंय" असं कानावर पडलं की निर्दोष एसटीही वर गेल्यासारखी दिसते. म्हणून मी मुलांना दोनदा वाचायला लावायचो. पहिल्यांदा नाव-वय सोडून काहीही न विचारता, ठरलेल्या क्रमाने: कागदाच्या सुरुवातीची मोजपट्टीची पायरी बरोबर आहे का, गती किती, लय नियमित का, प्रत्येक क्यूआरएसआधी पी आहे का, पीआरचं अंतर किती, क्यूआरएस रुंद की अरुंद, मग एसटी, मग टी, मग क्यूटी. जे दिसलं ते वहीत लिहायचं. मग पेशंटकडे जायचं, बोलायचं, नाडी धरायची, आणि परत येऊन दुसऱ्यांदा वाचायचं. दोन वाचनांत जिथे फरक पडतो तिथे खरं शिक्षण असतं. वेळ लागतो अशी तक्रार असायची. सरावाने दोन्ही वाचनं मिळून तीन मिनिटांत होतात.

कॅनडातल्याच संशोधकांनी २००३ साली आणखी एक गोष्ट दाखवली. एका आजाराचे दहा कागद, मग दुसऱ्याचे दहा, असं ओळीने शिकलेल्या मुलांपेक्षा सगळे आजार कालवून सराव केलेली मुलं पुढच्या परीक्षेत सरस ठरली. आपल्याकडे मात्र सोमवारी ब्लॉक, मंगळवारी टॅकीकार्डिया असंच वेळापत्रक असतं. सोमवारी कुठलाही कागद दिला तरी उत्तर ब्लॉकच असणार, हे शेवटच्या बाकावरच्या मुलालाही ठाऊक असतं.

लय बिघडण्याच्या प्रकारांकडे वळू, कारण मला स्वतःला सगळ्यात रस तिथे आहे. हृदयाची वीज उजव्या वरच्या कप्प्यातल्या एका बारीक गाठीतून निघते, मधल्या गाठीपाशी क्षणभर थबकते आणि खाली उतरते. मधली गाठ जपानी संशोधक सुनाओ तावारा यांनी १९०६ साली दाखवली. वरची गाठ, जिथून ठोका सुरू होतो, ती पुढच्याच वर्षी कीथ आणि फ्लॅक यांना सापडली. म्हणजे मधला थांबा आधी सापडला आणि उगम नंतर. त्याही आधी, १८९९ साली, ईसीजी नसताना, केवळ नाडीच्या आलेखावरून कारेल वेंकबाख यांनी एक विलक्षण लय ओळखली होती. आज ती कागदावर अशी दिसते: पहिल्या ठोक्याला पी ते क्यूआरएस अंतर पाच लहान चौकोन, दुसऱ्याला सात, तिसऱ्याला साडेआठ, आणि चौथ्या वेळी पी येते पण मागून क्यूआरएस येतच नाही. मग एक मोकळी जागा, आणि पुन्हा पाचपासून सुरुवात. तबलजी दर आवर्तनात थोडा मागे पडत जावा, शेवटी एक मात्रा गाळावी आणि सम पकडून पुन्हा सावरावं, तसं. गाणं ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना वेंकबाख एकदा असा सांगितला की विसरत नाहीत. हा प्रकार बहुधा निरुपद्रवी असतो, झोपेत तरुणांनाही होतो. अंतर न वाढता अचानक ठोका गळतो तो दुसरा प्रकार मात्र धोक्याचा, आणि दोन्हींत फरक करायचा तर मोजण्याला पर्याय नाही.

मोजण्यावरून एक कागद आठवतो. सत्तरीच्या एक आजी गोठ्यात चक्कर येऊन पडल्या. एका दवाखान्यात ईसीजी निघाला, वर यंत्राने छापलं होतं की ठोके मंद आहेत, बाकी लय सर्वसाधारण. आजींना शक्तीच्या गोळ्या मिळाल्या. आठवड्याने पुन्हा पडल्या तेव्हा तोच कागद घेऊन आमच्याकडे आल्या. आमच्या सरांनी एप्रनच्या खिशातून कर्कटक काढलं, त्यांच्या मुलाच्या कंपासपेटीतलं, आणि दोन पी लाटांवर टोकं ठेवून कागदावर चालवायला सुरुवात केली. दर चार मोठ्या चौकोनांवर पी, म्हणजे मिनिटाला ७५. जिथे पी दिसत नव्हती तिथेही कर्कटकाचं टोक नेमकं टी लाटेच्या पाठीवरच्या एका बारीक उंचवट्यावर पडत होतं. पी तिथे दडली होती. क्यूआरएस दर साडेआठ चौकोनांवर, म्हणजे मिनिटाला ३५, आपल्या स्वतंत्र चालीने. वरच्या मजल्याचा आणि खालच्या मजल्याचा काडीमोड झालेला: पूर्ण हार्ट ब्लॉक. पेसमेकर बसला, आजी पुन्हा धारा काढायला लागल्या. यंत्राने दिसलेल्या पी मोजल्या, सरांनी न दिसलेल्या शोधल्या. कर्कटक नसेल तर कोऱ्या कागदाची कड लावून पेन्सिलीने दोन खुणा करा आणि सरकवत न्या, तेवढ्यात काम होतं.

असाच ब्लॉक आमच्याकडे वेगळ्या वाटेनेही येतो. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, महाराष्ट्रात कुंपणाकुंपणाला आहे आणि तिचं विष डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या जातकुळीतलं. ते पोटात गेलेला पेशंट आला की ठोके मंदावतात, ब्लॉक पडतो, एसटी खाली झोळीसारखी लोंबते. परदेशी पुस्तकात डिगॉक्सिनच्या प्रकरणात हे चित्र असतं. बिट्टीचं नाव क्वचित असतं. लाल विंचवाचंही तेच. दंशानंतर एसटी-टीचे बदल असे दिसतात की नवखा डॉक्टर हार्ट अटॅकचं निदान करून मोकळा होईल. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी पेशंटच्या उशाशी रात्ररात्र बसून या दंशात हृदयाचं काय होतं ते टिपलं, १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं आणि प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीचा उपाय पुढे आणला. कागदावरचा एकच बदल, पण उपचार पूर्ण वेगळे: एकाला रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन, दुसऱ्याला प्राझोसिन. फरक पायाला विंचू चावला का, या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

एट्रियल फिब्रिलेशन, वॉर्डाच्या भाषेत एएफ, हा सगळ्यात जास्त भेटणारा बिघाड. पी नाहीशा होतात, तळरेषा थरथरते, आणि ठोक्यांना कुठलाच ठेका राहत नाही. ओळखायला सोपा; नाडीवरही कळतो. पण ओळखून काम संपत नाही. एएफमुळे पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो, म्हणून रक्त पातळ ठेवणारी औषधं. नवी औषधं सोयीची, रक्त तपासायची कटकट नाही, म्हणून ती सर्रास लिहिली जातात. मात्र लहानपणी सांधेतापाने झडप आकुंचलेल्यांना, आणि असे पेशंट आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत, जुनं वॉरफेरिन जातीचं औषधच बरं पडतं हे २०२२ साली साडेचार हजार रुग्णांच्या अभ्यासात दिसलं. झडप आकुंचली आहे की नाही हे ईसीजीवर खात्रीने कळत नाही. स्टेथोस्कोप लावावा लागतो, इको करावा लागतो.

व्हीटी म्हटलं की मुंबईकराला बोरीबंदर आठवतं. आम्हाला व्हेंट्रिक्युलर टॅकीकार्डिया, म्हणजे खालच्या कप्प्यांतून सुटलेल्या वेगवान लयीची, रुंद क्यूआरएसची, दाटून आलेली डोंगररांग आठवते आणि पोटात गोळा येतो. इथे पुस्तकांनी नियमांचं जंगल उभं केलंय. कामाचं तेवढं सांगतो. रुंद आणि वेगवान लय दिसली, त्यातून पेशंटला पूर्वी अटॅक येऊन गेलेला असला, तर ती व्हीटीच समजून उपचार करा. "पण सर, बीपी चांगलं आहे, पेशंट गप्पा मारतोय" या युक्तिवादावर भरवसा ठेवून व्हेरापामिल दिलं गेलं आणि पेशंट कोसळला, असे प्रसंग जगभर नोंदले गेले आहेत. व्हीटीतही माणूस काही वेळ गप्पा मारू शकतो. उलटही घडतं: मॉनिटरवर व्हीटी, सगळे धावत जातात, तर पेशंट दात घासत बसलेला. ब्रशच्या हालचालीने पडद्यावर हुबेहूब तशीच रांग उमटते. कंपवाताच्या थरथरत्या हाताचंही असंच. त्या रांगेतून नेहमीचे टोकदार क्यूआरएस ठरावीक अंतराने डोकावताना दिसतात का पाहायचं, आणि त्याहून आधी, पेशंटकडे मान वळवायची.

कागद सुधारला म्हणजे माणूस सुधारला, या समजुतीला सगळ्यात मोठा तडाखा १९८९ साली बसला. अटॅकनंतर अधूनमधून जादा ठोके पडतात आणि असे ठोके पडणारे पेशंट अधिक दगावतात, हे माहीत होतं. मग औषधाने ते ठोके दाबले तर जीव वाचतील, हा सरळ हिशेब. एका चाचणीत एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं दिली, ठोके थांबले, ईसीजी सुरेख झाला, आणि औषध घेणाऱ्यांत मृत्यू औषध नसलेली साधी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले. चाचणीचा तो भाग मध्येच थांबवावा लागला. आज माझ्याकडे कुणी "ठोका चुकतोय हो" म्हणत येतो, कागदावर दोन-चार जादा ठोके असतात, हृदय बाकी धडधाकट असतं, तेव्हा मी औषध लिहीत नाही. चहा, जागरण आणि तंबाखू यांच्याबद्दल बोलतो. पेशंट नाराज होऊन जातो, आणि दुसरीकडे जाऊन औषध लिहून आणतो, हेही मला माहीत आहे.

पहिल्या तासाचे ते प्रश्न अर्धवट राहिले. एसटी मोजायची ती क्यूआरएस जिथे संपतो त्या बिंदूपासून, मागच्या तळरेषेच्या तुलनेत. अटॅकखेरीज ती वर जाते हृदयाच्या आवरणाला सूज आल्यावर, डाव्या बाजूच्या बंडल ब्लॉकमध्ये, जाड झालेल्या हृदयात, आणि अनेक धडधाकट तरुणांत तर कुठल्याही आजाराशिवाय. म्हणून एसटी कुठे वर आहे तेवढंच न पाहता समोरच्या लीडांत ती खाली गेली आहे का, तेही पाहायचं. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांत निघावा असा संकेत आहे. आपल्याकडे ही दहा मिनिटं दवाखान्याच्या दारापासून मोजतात. पेशंटचं घड्याळ मात्र सोडा, ओवा आणि गॅसच्या गोळीने रात्रभर आधीच चालू झालेलं असतं. आणि पहिला ईसीजी चांगला आला म्हणून अटॅक नाही, असं कधीच नसतं. दुखणं चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढायचा. हे एक वाक्य दवाखान्याच्या भिंतीवर रंगवून घ्यावं, इतके लोक एका "नॉर्मल" कागदावर घरी परतलेत.

यंत्रं आता आपलं मत स्वतःच छापतात. वेग, अंतरं, रुंदी मोजण्यात ती माणसापेक्षा सरस. लय ओळखण्यात आजींच्या कागदासारखी फसतात. कृत्रिम बुद्धिमत्तेची पुढची पायरी त्याहून अजब आहे. २०१९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी दाखवलं की लय पूर्ण नियमित असलेल्या कागदावरूनही संगणक सांगू शकतो की या माणसाला एएफ होऊन गेला असण्याची शक्यता किती. कुठल्याही कर्कटकाला हे दिसत नाही. त्याच वर्षी मनगटी घड्याळाचा मोठा अभ्यास आला: ४,१९,२९७ लोक, त्यांतल्या जेमतेम अर्ध्या टक्क्याला नाडी अनियमित असल्याची सूचना मिळाली. घड्याळाचा ईसीजी एकाच लीडचा असतो, लय पाहायला ठीक, अटॅक पाहायला निरुपयोगी. पुण्यातले माझे निवृत्त मित्र मला दर सकाळी घड्याळाचा फोटो पाठवतात तेव्हा मी हे नेमाने सांगतो. गावात यंत्र आणि शहरात वाचणारा, अशी सोयही आता रुजली आहे आणि ती चांगली आहे. मात्र पलीकडच्या वाचणाऱ्याला विंचवाची, बिट्टीची, पदराखाली सरकलेल्या लीडेची खबर गावातल्या डॉक्टरनेच द्यायची असते. त्यामुळे यंत्र आल्यावर ईसीजी शिकवणं कमी करावं, हा सध्या कानावर येणारा सूर मला पटत नाही.

कुठून शिकावं हे विचारणाऱ्यांना मी अजून दोनच नावं सांगतो. सुरुवातीला हॅम्प्टन यांचं पुस्तक, पातळ आणि सरळ. मग शामरॉथ, दक्षिण आफ्रिकेतले, भारतातल्या दोन-तीन पिढ्या ज्यांच्यावर वाढल्या ते. हृदयाच्या आतल्या आवरणाला संसर्ग झालेला असताना स्वतःच्याच बोटांची नखं न्याहाळून, फुगीर नखं ओळखायची एक खूण शोधून काढणारा हा माणूस. पाहायची सवय म्हणजे काय ते त्यावरून कळावं. त्यानंतर पुस्तक मिटून रोज पाच कागद, कालवलेले, दोनदा वाचलेले.

आता डॉक्टर नसलेल्या वाचकांसाठी. तुमचा जुना ईसीजी हा वाचणाऱ्याच्या हातातला सगळ्यात मोलाचा कागद असतो. आजचा बदल नवा की दहा वर्षांपूर्वीचा, हे त्याच्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. तो कागद उष्णतेवर छापलेला असतो, फायलीत दोन-तीन वर्षांत फिका होत जातो. एका गृहस्थांनी आपला कागद जपून राहावा म्हणून लॅमिनेट करून आणला होता. उष्णतेने तो पाटीसारखा काळा झाला होता, कोपऱ्यातलं नाव तेवढं पेनने लिहिलेलं म्हणून अंधुक दिसत होतं. तेव्हा लॅमिनेशन नको. निघाल्या दिवशीच झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये सरळ, पूर्ण, कडेच्या पायरीसकट फोटो ठेवा, आणि छातीत दुखलं तर फाईल शोधत बसण्याआधी दवाखान्यात पोचा.